आतड्यातला उजेड

दादा असंच समजून होता, की बाबांच्या ऑपरेशनची तारीख त्यांच्याच विसरभोळेपणामुळे हुकली. तो परगावी असतो. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि बोलणं फिरून फिरून तिथेच यायचं. "बाबांनी ती गोळी घ्यायला नको होती गं," तो म्हणायचा. मी "हं" म्हणायचे. बाबांना जाऊन चार महिने झाले होते, आणि इतक्या रविवारांत त्या "हं"च्या पुढे मी गेले नव्हते.

बाबांच्या उजव्या फुफ्फुसात गाठ निघाली. सर्जन म्हणाले, लहान आहे, काढता येईल. पण आधी सगळ्या अंगाचा स्कॅन करू, कुठे पसरलेलं नाही ना ते बघू. ऑपरेशनची तारीखही त्यांनी देऊन टाकली. स्कॅनच्या आधी दोन दिवस मधुमेहाची, म्हणजे बाबांची साखरेची गोळी बंद ठेवायची, असं सूचनांच्या कागदावर होतं. का, ते लिहिलेलं नव्हतं.

बाबांच्या गोळ्या मी भरायचे. सात कप्प्यांचा प्लॅस्टिकचा डबा, शनिवारी दुपारी आठवड्याचा भरून ठेवायचा. स्कॅन शुक्रवारी होता, म्हणून बुधवार-गुरुवारच्या कप्प्यांतून मी ती गोळी वगळली. सोमवारी संध्याकाळी सेंटरमधून फोन आला, परवा सकाळची एक वेळ रिकामी झालीय, येता का? आम्हाला केवढा आनंद झाला. दोन दिवस वाचले म्हणून मी दादालाही लगेच कळवलं. डबा मला आठवलाच नाही. आणि बाबांनी त्यात लक्ष घालणं शक्य नव्हतं. त्यांची सगळी नोकरी लिफ्ट तपासण्यात गेलेली. दुसऱ्याने जोडलेल्या तारांना हात लावायचा नाही, हा त्यांचा बाणा. कप्प्यात असेल ते पाण्याबरोबर गिळायचं आणि झाकण लावायचं.

सेंटरमधल्या नर्सने विचारलं, "साखरेची गोळी बंद होती ना?" मी अगदी तोंड भरून "हो" म्हटलं.

दोन दिवसांनी सर्जननी पडद्यावर चित्र लावलं. छातीत एकच ठिपका होता, आजूबाजूला सगळं स्वच्छ. पण खाली पोटात आतड्याची वळणंच्या वळणं पेटल्यासारखी दिसत होती, आणि डावीकडे एक जागा जरा जास्तच.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"आतडं असं सगळीकडे उजळतं ते बहुतेक वेळा साखरेच्या गोळीने. ती बंद होती ना?"

सोमवार, मंगळवार. ते दोन कप्पे माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. मी तोंड उघडलं, पण आवाज बाबांचा आला.

"माझीच चूक, डॉक्टर. पोरीने बरोबर वगळली होती. मीच सवयीने बाटलीतली घेतली."

त्या बाटलीला त्यांचा कधी हातही लागला नव्हता. ती कुठल्या कपाटात असते, हेही त्यांना ठाऊक नसावं.

"हरकत नाही," सर्जन म्हणाले. "पण ही डावीकडची जागा गोळीमुळे उजळलीय की तिथे खरंच काही आहे, ते एवढ्या उजेडात कळत नाही. छाती उघडण्याआधी ते कळायला हवं. आतडं दुर्बिणीने बघून घेऊ."

"आणि तारीख?"

"ती पुढे जाईल."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाबा, खोटं कशाला बोललात?"

"तू बोलली असतीस तर रडली असतीस. इथे रडायला माणसं भरपूर आहेत, त्यात आपली भर नको." मग जिन्याच्या कठड्याला धरून दम खात म्हणाले, "आमच्याकडेही हेच व्हायचं. दार लागत नाही म्हणून तक्रार यायची, गेलो की वर दोरात काहीतरी दिसायचं. दिसलं की लिहायचं, लिहिलं की लिफ्ट बंद. लोक जिन्यात उभे राहून मला शिव्या घालायचे. पण दिसलेलं न लिहून कसं चालेल?"

दादाला फोन करायचं धाडस मी संध्याकाळपर्यंत केलं नाही. शेवटी बाबांनीच केला, स्पीकरवर ठेवून, आणि बाटलीची तीच कथा त्यालाही सांगितली.

"एक गोळी, बाबा! एक!" दादा ओरडला. "सगळ्या लिफ्टचे नियम तोंडपाठ, आणि एक गोळी लक्षात राहत नाही? ती बिचारी किती धावपळ करते, तिचा तरी विचार करा."

"चुकलं रे," बाबा म्हणाले.

ती बिचारी शेजारच्या खुर्चीत बसून रिपोर्ट फायलीला लावत होती. लावत राहिली.

दुर्बिणीच्या तपासणीला दोन आठवड्यांनी नंबर लागला. वाटाण्याएवढा एक पॉलिप निघाला, निरुपद्रवी. तिथल्या तिथे काढला. तुकड्याच्या रिपोर्टला एक आठवडा, नव्या तारखेला आणखी दोन. "आतड्याची काही काळजी नाही," डॉक्टर म्हणाले, तेव्हा बाबांनी मला डोळा मारला. "चला, खालच्या मजल्याची तरी गॅरंटी मिळाली."

छाती उघडली तेव्हा शेजारच्या ग्रंथींत ते पोचलेलं होतं. पाच आठवड्यांत असं होतं का, मी सर्जनना विचारलं. ते म्हणाले, आधीपासूनच असेल, स्कॅनला दिसू नये इतकं बारीक. नसेलही. सांगता येत नाही. पुढचे सात महिने बाबांनी काढले. त्या काळात गोळीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मी काढू दिला नाही.

गेल्या रविवारी दादाने पुन्हा तो काढला. त्याच्या धाकट्याला कसलीशी औषधं चालू झाली होती.

"त्याला मी बजावलंय," दादा म्हणाला, "औषधाच्या बाबतीत आजोबांसारखा धांदरटपणा करायचा नाही."

आजोबांसारखा. त्या घरात आता बाबा असे उरणार होते.

"दादा, बाबांनी बाटलीतली गोळी घेतली नव्हती. डब्यातली घेतली. मी ठेवलेली." मग शुक्रवारचा बुधवार कसा झाला तेही सांगितलं. दोन वाक्यांत संपलं.



"त्यांना माहीत होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"मी त्यांना फोनवर एवढा टाकून बोललो, तेव्हा तू कुठे होतीस?"

"तिथेच. शेजारी."

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली, त्याने ओ दिली नाही.

"मी फोन ठेवल्यावर काय म्हणाले ते?"

त्याला काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. बाबा हसले, म्हणाले, जीव तुटतोय त्याचा म्हणून ओरडतो. असं वाक्य रचायला मला काहीच वेळ लागला नसता.

"काहीच म्हणाले नाहीत," मी म्हटलं. "फोन हातात धरून बराच वेळ नुसते बसून होते."