मास्तरांचा डाळिंबी

"मास्तर, टीव्ही लावा की जरा," सोमशेखर म्हणाला आणि हातातला पेनड्राइव्ह उगाच शर्टाला पुसू लागला.

मल्लप्पांनी चाचपत रिमोट शोधून दिला. आठ वर्षांनी हा लग्नाचे व्हिडिओ करणारा आपल्या दारात का उगवला, हे त्यांना कळेना. त्यांची बायको, हेमावतीबाई, चहा टाकायला आत गेल्या.

सोमशेखरच्या नावावर चार-साडेचारशे लग्नं जमा होती. तक्रारीही बऱ्याच होत्या, पण त्या सगळ्यांना मिळून त्याच्याकडे एकच उत्तर असे : तुमच्या टीव्हीचं सेटिंग बघा. हे उत्तर इतकं गुणकारी, की माणसं घरी जाऊन खरोखर बटणं दाबत बसत आणि पुन्हा फिरकत नसत.

मल्लप्पा मात्र दोनदा आले होते. टॉवेलच्या कारखान्यात एकतीस वर्षं ते रंगमास्तर. ओल्या सुताची लडी उन्हात धरून, वाळल्यावर कोणता रंग उतरेल ते सांगणारा माणूस. मुलीच्या, धनलक्ष्मीच्या लग्नात बायकोनं नेसायच्या इरकलीचं सूत त्यांनी स्वतः रंगवलं होतं, गडद डाळिंबी. व्हिडिओत ते गाजरी दिसत होतं. घरी साक्षीदार मिळेना. हेमावतीबाईंना दोन्ही लालच दिसायचे.

दुसऱ्या खेपेला दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती. सोमशेखरनं संगणक उघडून बघायचेही कष्ट घेतले नाहीत. "मशीन चुकत नसतंय, मास्तर. डोळे तपासून घ्या," म्हणाला. गिऱ्हाइकं हसली. मास्तरही थोडे हसले.

त्याच महिन्यात कारखान्यात रंग जुळवायचं यंत्र आलं होतं आणि मास्तर त्याच्याशी रोज भांडत होते. दुकानातल्या त्या हशानंतरच्या सोमवारी ते मालकाला म्हणाले, यंत्र म्हणतंय तेच धरा. आणि काम सोडून घरी बसले. सोमशेखरच्या हे कानावर आलं, तेव्हा त्यानं ते गंमत म्हणून दोन-चार ठिकाणी सांगितलंही.

गेल्या महिन्यात जुनी हार्डडिस्क साफ करताना ते लग्न सापडलं. त्यानं पडद्यावर एका बाजूला एडिटिंगमधली हेमावतीबाई ठेवली, दुसऱ्या बाजूला मास्तरांना दिलेल्या व्हिडिओतली. एक डाळिंबी, एक गाजरी. तयार व्हिडिओची फाइल बाहेर काढताना रंगाचा एक पर्याय पहिल्या दिवसापासून चुकीचा होता. सगळ्या लग्नांत. तो पर्याय बदलून त्यानं ते लग्न नव्यानं पेनड्राइव्हवर काढलं.

आता टीव्हीवर हेमावतीबाई अक्षता टाकत होत्या. सोमशेखरनं घरून पाठ करून आणलेल्या बोलण्यातली शेवटची दोनच वाक्यं म्हटली.

"चूक माझी होती, मास्तर. तुमचा डोळा बरोबर होता."

मल्लप्पा उठले. पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले. मग त्यांनी बायकोला ती साडी आणायला सांगितली. तिनं ट्रंकेतली घडी आणून पडद्याशेजारी धरली. ते मान वळवून वळवून दोन्हीकडे बघत राहिले.

"आता मला न्हाय कळत, सोमू. काचबिंदू हाय. सगळं धुक्यातलं दिसतंय."

"कधीपासून?"

"काय की. तू डोळे तपासा म्हणलास, तवा भ्यालो. डाक्टर बी तेच म्हणला तर? गेलोच न्हाय. गेलो तवा लई उशीर झाला हुता." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर सोमशेखरला बरं वाटलं असतं. ते बायकोकडे वळले. "तूच सांग. जमलाय का रंग?"

जिला आयुष्यभर दोन्ही लालच दिसले, तिनं पडद्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"हौदू, व्हय," ती म्हणाली. "डाळिंबीच हाय."

मल्लप्पांनी साडी तिच्या हातातून घेतली, दारात गेले आणि पदर सवयीनं उन्हात धरला. आत व्हिडिओ संपला, चहावर साय धरली, तरी ते पदर धरून तसेच उभे होते.