साल्वूचा बिल्ला

मूर्खपणाला नाव द्यायचं तर माझं द्या: रोवेना पेनरोज. खाणीतले संगणक मी सांभाळते. त्या सकाळी सुरुंग उडवणाऱ्या नव्या संगणकावर वेळ जुळवणारं सॉफ्टवेअर मीच बसवलं. त्यानं राज्य विचारलं, मी न्यू साउथ वेल्स निवडलं. आमचं ब्रोकन हिल त्याच राज्यात आहे. पण घड्याळं आम्ही अ‍ॅडलेडची लावतो, सिडनीच्या, म्हणजे बाकी राज्याच्या, अर्धा तास मागे. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, आणि मी तर इथंच जन्मले!

"आता सेकंदाचा हजारावा भागही चुकायचा नाही," मी खाणीतल्या जुन्या गड्यापुढं, मिर्कोपुढं, फुशारकी मारली.

"चुकला तर बिअर तुझ्याकडून, पोरी," म्हातारा हसला.

सुरुंग संध्याकाळी सहाला आपोआप उडतात, पण संगणकाला जोडलेल्या हजेरीच्या फळ्यावर एकही बिल्ला नसला तरच. खाली जाताना आपल्या नावाचा बिल्ला आपल्या खिळ्यावर अडकवायचा, वर आल्यावर ज्याचा त्यानं काढायचा, हा नियम. रीत निराळीच. आधी वर आलेला गडी मागं राहिलेल्या जोडीदाराचाही बिल्ला काढतो आणि पबमध्ये एका बिअरच्या बदल्यात परत देतो. मिर्कोचा जोडीदार म्हणजे त्याचा जावई साल्वू. सुरुंगाच्या तारा तपासून तो रोज पावणेसहापर्यंत वर यायचा.

साडेपाचला जमीन हादरली.

माझ्या हातातला चहा सांडला. संगणकावर ठीक सहा, फळा रिकामा. मिर्को दारात उभा, मुठीत साल्वूचा बिल्ला.

खालचा फोन नुसता वाजत राहिला. बचावाची माणसं बिल्ले न अडकवताच धावत उतरली. वीस मिनिटांनी निरोप आला, साल्वू गेला.

"बिल्ला म्हाताऱ्यानं काढला," मॅनेजर माझ्या कानाशी पुटपुटला. "तू तोंड उघडू नकोस." मेला कुठला! आणि सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मला मोह झाला.

"मीच मारला गं त्याला," मिर्को म्हणाला. "माझं घड्याळ मागं पडलं असणार. तुझं मशीन सहाच्या आधी कशाला उडवेल? लेकीला, वेस्नाला काय तोंड दाखवू मी?"

"तुझं घड्याळ बरोबर आहे, मिर्को. वेळ मी चुकीची लावली. अर्धा तास पुढची."

तो माझ्याकडं वळला. मारेल असं वाटलं. मारायलाच हवं होतं. तो फळ्यापाशी गेला आणि बिल्ला साल्वूच्या खिळ्यावर अडकवला.

संगणकाचा पडदा लाल झाला. 'खाली माणूस: एक. सुरुंग रोखले.' भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले होते.