डाव्या हातमोज्याची धास्ती

टप्. दुपारची सामसूम होती, आणि माझ्या अंगठ्यावरून एक थेंब मोरीतल्या बादलीत पडला. पुन्हा टप्. खाटेवरची मुलगी कूस बदलून म्हणाली, "आई, मोजा रडतोय."

नाही गं सोन्या, रडत नाही. पण जिवाला घोर लागलाय, एवढं खरं.

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. गोलकीपरचा, डाव्या हाताचा. एका कारखान्यात एका बाईंनी माझ्या तळव्याला मऊ फोम चिकटवला, शिवण ओढून पाहिली आणि मला माझ्या जुळ्या भावावर आपटून एक टाळी वाजवली. तोच आमचा जन्म. या मुलीच्या आईने आम्हाला घेतलं, तेव्हा तिचं लग्नही झालं नव्हतं. पुढे लग्न झालं, बाळंतपण झालं, आणि आम्ही कपाटात डांबरगोळ्यांच्या वासात पडून राहिलो. वाटायचं, संपलं आपलं.

आम्हाला बाहेर काढलं ते आईच्या थोरल्या जावेने. त्या गावातल्या बायकांच्या फुटबॉल संघात बचावाला, गोलच्या पुढे मधोमध खेळायच्या, आणि संघाला गोलकीपर हवी होती.

"पोरीचं काय करू, जाऊबाई?" आईने विचारलं.

"बाकावर बसवू. पळाली तर दोघी मिळून पकडू. तेवढाच सराव!"

मुलगी एका जागी बसावी म्हणून आईने तिला जुन्या सदऱ्यांच्या बटणांचा डबा दिला. आईने बॉल अडवला, की एक बटण डब्यातून काढून झाकणात टाकायचं. मुलीला खेळ आवडला, पण झाकण काही भरेना. बॉल आमच्यापर्यंत यायचाच नाही. तळवे कोरडे राहायचे. आईला वाटायचं, समोरचे संघच लेचेपेचे आहेत.

मला मात्र गोलमधून जाऊबाईंची पाठ दिसायची. त्या कधी घसरायच्या नाहीत, कुणाच्या अंगावर जायच्या नाहीत. चार पावलं इकडे, दोन तिकडे. "डावीकडे सरक गं. तिला बाहेर जाऊ दे, बाहेर." समोरची खेळाडू वेगात यायची, जिथून बॉल मारायचा तिथे जाऊबाई आधीच उभ्या दिसायच्या, आणि ती बिचारी कडेला वळायची. खेळ संपला तरी जाऊबाईंच्या कपड्यांना मातीचा डाग नसायचा.

लोक हसायचे. "वहिनी, भाजी घ्यायला आलात का?"

"आले तर! तुझ्या मानेवरचा भोपळा कसा दिलास?"

पण एक दिवस नळावर सरांनी आईला गाठलं. सर म्हणजे संघाचे प्रशिक्षक. "जाऊ आहे हे बाजूला ठेव आणि सांग. ती मैदानात करते काय?"

आईने आमच्याकडे पाहिलं. आम्ही स्वच्छ. "तसं त्यांच्याकडे फारसं काही येतच नाही, सर," ती म्हणाली. तिला तसंच वाटत होतं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

काल उपांत्य सामना झाला. जाऊबाई बाकावर, मांडीवर मुलगी. त्यांच्या जागी एक नवी, वाऱ्यासारखी पळणारी खेळाडू होती. ती प्रत्येक बॉलवर झेपावे, चिखलात लोळे, आणि लोक टाळ्या पिटत. तिने सोडलेल्या मोकळ्या जागेतून बॉल येतच राहिले. एक अडवावा तोवर दुसरा. माझ्या तळव्याचा फोम सुटला, अंगठ्याची शिवण उसवली. एक गोल झालाच, पण आमचे दोन झाले होते. आईला सगळ्यांनी खांद्यावर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा फोटो काढला.

"बघा," सर खुशीत म्हणाले, "आधीही एखादाच गोल व्हायचा, आजही एकच. बचाव जरासुद्धा ढिला पडलेला नाही. अंतिम सामन्याला हाच संघ!"

मित्रांनो, माझं कौतुक झालं, त्या दिवशी आमचा बचाव सगळ्यात वाईट होता. तुमच्याकडे हातमोजे असतील तर ते धुवा, सावलीत वाळवा, उसवले तर वेळीच शिवा. आणि एखादा हातमोजा कोरडा दिसला, तर त्याच्यापुढे कोण उभं होतं, ते आधी विचारा.

अंतिम सामना उद्या आहे. आत्ता जाऊबाईंनी मला दोरीवरून काढलं, पिळलं आणि दाभण घेऊन माझा अंगठा शिवायला बसल्या.

"द्या, मी शिवते," आई म्हणाली.

"राहू दे. तुझे हात बघ कसे सुजलेत. उद्या लागतील." त्यांनी दातांनी दोरा तोडला. "मी बसते पोरीला घेऊन."

आई माझ्या फाटक्या तळव्याकडे पाहत राहिली. मग उठली आणि तिने फोन लावला.

"सर, उद्या जाऊबाईंना घ्या. मी चुकीचं बोलले होते. त्या होत्या म्हणून माझ्यापर्यंत काही येत नव्हतं."

"अगं, काल तू एवढे बॉल अडवलेस, सगळ्या गावाने पाहिलं. तिने कधी काय अडवलं? एक तरी दाखव मला."

जाऊबाईंचा हात माझ्या अंगठ्यावर थांबला. मुलगी केव्हाची उठून फरशीवर डबा घेऊन बसली होती. कालच्या बटणांनी झाकण शिगोशीग भरलं होतं. तिने त्यातलं एक बटण उचललं, काकूकडे पाहिलं, आणि आईचा पदर ओढला.

"आई, काकू असली की बॉल येतच नाही ना? मग न आलेल्या बॉलचं बटण कुठे टाकायचं?"