सायबिणीचं लुगडं

होरमसजी शेठना घाई म्हणून कशाचीच नव्हती. कल्याणच्या बंदरावर बंगला, ठाण्याच्या खाडीला लागून मिठागरं, धंदा सांभाळायला हुशार मुलगे. मग घाई करायची कुणासाठी? सुवेझचा कालवा खुला होऊन दहा-बारा वर्षं उलटल्यावर त्यांनी एक दिवस जाहीर केलं, की आता आपण युरोपचा दक्षिण किनारा बघणार. तोही मोठ्या आगबोटीच्या कठड्याला टेकून पळता पळता नव्हे, तर गावागावाला नांगर टाकत, उतरत, खात-पीत. पोर्ट सैदला एक लहानशी आगबोट भाड्याने ठरली. सोबत शेठाणी जरबाई, एक स्वयंपाकी आणि एक चित्रकार. बघितलेलं प्रत्येक बंदर बंगल्याच्या दिवाणखान्यात टांगायचं अशी शेठची हौस होती, आणि शेठची हौस म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

चित्रकार म्हणजे लिओनार्ड. खाडीकाठच्या क्रिस्ती गावातला पोर. बाप शेठच्याच मिठागरावर कामाला होता. तापाने गेला तेव्हा लिओनार्ड पाळण्यात होता. आई एमिलियाने लोकांचं भात कांडून त्याला वाढवला. पोरगा कोळशाने मिठागराच्या चौकीची भिंत रंगवून ठेवतो हे शेठच्या नजरेला पडलं, आणि रागवायचं सोडून त्यांनी त्याला मुंबईच्या चित्रशाळेत घातलं. आता तो चांगला पंचविशीचा झाला होता, हात तयार होता, आणि डोक्यात एकच गोष्ट होती.

ती गोष्ट अशी. गावच्या देवळात वेदीच्या वर सायबिणीचं, म्हणजे येशूच्या आईचं, पोर्तुगीज अमदानीतलं चित्र होतं. ते वाळवीने खाल्लं. नुसती चौकट उरली. गावातले लोक त्या रिकाम्या चौकटीपुढे गुडघे टेकत, आणि लिओनार्डला ते बघवत नसे. ती जागा आपल्या हाताने भरायची, बस्स. बाकी दिवाणखाने, बंगले, साहेबलोकांच्या तसबिरी हे सगळं त्याच्या लेखी पोट भरण्यापुरतं होतं.

पण देवळाचा कारभार मार्सेल पाटलाच्या हातात होता, आणि मार्सेल पाटील म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस.

"तू इटलीला जातंस ना? मंग तिथली खरी सायबीण डोल्यांनी बघ," निघताना त्याने बजावलं होतं. "आन् तशीच्या तशी उतरवून आण. एक केस बी इकडचा तिकडं नको. जमलं तर आगेऱ्याला वेदीवर चढवू. नाय जमलं तर तिथनंच छापील मागवू."

आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण. शेतातली पहिली कणसं वाजतगाजत देवळात आणायची आणि पाद्रीबाबाने त्यांना आशीर्वाद द्यायचा. गावाला नाताळापेक्षा आगेऱ्याचं कौतुक जास्त. लिओनार्डने मान डोलावली. "तशीच्या तशी आणीन," तो म्हणाला. बिचाऱ्याने अगदी मनापासून म्हटलं होतं.

बोट सुटली आणि शेठची रीत सुरू झाली. सकाळी चहा झाल्यावर उतरायचं, धक्क्यावर छत्रीखाली खुर्ची टाकायची, संत्री सोलायची, येणाऱ्याजाणाऱ्याशी खुणांनी गप्पा मारायच्या. ऊन कलल्यावर गाव बघायचं. कंटाळा आला तर दुसऱ्या दिवशीही तिथेच. कप्तान वेळापत्रक घेऊन आला की शेठ म्हणायचे, "अरे डिकरा, गाव दोन हजार वरस उभा छे, आपण एक दिवस उभा राहू नी!" सिसिलीच्या पश्चिम टोकाला त्रापानीला तर कमालच झाली. तिथे मिठागरं दिसली! शेठनी रेशमी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, चिखलात उतरले, मीठ जिभेवर ठेवलं आणि तिथल्या मिठागरवाल्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, की आमचं ठाण्याचं बरं. त्याला एक अक्षर कळलं नाही, पण त्याने शेठना मिठी मारली. लिओनार्डने ते चित्र काढलं. सगळ्या प्रवासात शेठना तेच जास्त आवडलं.

आणि देवळं! प्रत्येक गावात देऊळ, प्रत्येक देवळात सायबीण. लिओनार्ड कागद घेऊन बसे आणि तशीच्या तशी उतरवायला लागे. सिराक्यूजला उतरवली, नेपल्सला उतरवली, जेनोव्हाला उतरवली. केबिनच्या लाकडी भिंतीवर एकीशेजारी एक लावत गेला, आणि एका संध्याकाळी त्यांच्याकडे बघताना त्याच्या कपाळाला आठी पडली. यातली खरी कोणती? नेपल्सची गुबगुबीत, बाजारात टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायकांसारखी. व्हेनिसला पोचल्यावर बघतो तर तिथली लालसर केसांची, सावकाराच्या सुनेसारखी नटलेली. एकीचं नाक दुसरीला नाही. एका लहानशा कोळीगावात तर सायबिणीने डोक्याला रुमाल गुंडाळला होता, आणि देवळाबाहेर जाळी शिवत बसलेल्या बायांनी अगदी तसाच रुमाल गुंडाळला होता. तीच गाठ, तोच काठ.

लिओनार्ड त्या बायांकडे बघत पायरीवर बसून राहिला. मग त्याला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. या लोकांनी कुणाची नक्कल केलीच नव्हती. प्रत्येक गावाने आपलीच एक बाई वेदीवर चढवली होती. फक्त निळा रंग तेवढा बहुतेकींना सारखा होता.

"शेठ," त्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "मी नक्कल नाही नेणार."

"मग पाटील तारा कान ओढेल," शेठ शांतपणे माशाचा काटा काढत म्हणाले. "पण चित्र बेस्ट काढ. कान तर लाल होऊन परत बरा होते."

पावसाळा ओसरता ओसरता लिओनार्ड गावी आला आणि घराची मागची पडवी आतून बंद करून कामाला लागला. समोर आईला बसवलं. एमिलिया पहिल्यांदा तयार होईना. मी कसली सायबीण, माझे हात बघ, मुसळ धरून धरून लाकूड झालेत, म्हणाली. त्याला तेच हात हवे होते. मांडीवर शेजारचं तान्हं पोर दिलं. पोर मांडीवर येताच तिचा चेहरा जो काही मऊ झाला, तो त्याने घाईघाईने पकडला. अंगावर तिचं रोजचं निळं लुगडं होतं. निळा तर सायबिणीचा रंगच, आयताच जुळून आला! मागे खाडी, मिठाचे पांढरे ढीग, पलीकडे पारसिकचा डोंगर. असं चित्र त्याच्या हातून आधी कधी उतरलं नव्हतं आणि हे त्याला स्वतःलाच कळत होतं.

आगेरा पंधरवड्यावर आला तेव्हा रविवारच्या प्रार्थनेनंतर चित्र वेदीपाशी उभं केलं. लिओनार्डने वरचं फडकं ओढलं.

मागच्या बाकांवरचे लोक माना उंचावून बघायला लागले.

मार्सेल पाटलाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "लुगडं?" तो म्हणाला. "सायबिणीला लुगडं? मी तुला काय सांगितलेलं?"

"पाटीलबाब, तिथे प्रत्येक गावात ती त्या गावच्या बाईसारखी..."

"तिथलं मना सांगू नको! लोकं हसतील आपल्याला. ठाण्यापर्यंत बोभाटा व्हईल." पाटील पाद्रीबाबाकडे वळला. पाद्रीबाबा म्हातारे आणि शहाणे होते. ते म्हणाले, की चित्रात पाप काही नाही, पण देऊळ गावाचं आहे, गाव म्हणेल ते. पाटलाने समाधानाने मान हलवली. गाव काय म्हणणार हे त्याला दिसतच होतं. बायका तर एकेक करून पुढे येत होत्या, चित्राकडे बघत होत्या, आणि एकीच्याही तोंडावर हसू नव्हतं. कुजबुज वाढत चालली. इतके समुद्र हिंडून आलो आणि आपल्याच गावात बुडालो, असं लिओनार्डला वाटलं.

तेवढ्यात जोसेफिनमाय पुढे आली. ही गावची सुईण. देवळातल्या निम्म्या माणसांनी जगात आल्याबरोबर पहिल्यांदा तिचंच तोंड पाहिलं होतं, त्यामुळे तिच्यापुढे पाटलाचीही टाप नव्हती. तिने चित्राला नाक लागेल इतक्या जवळून पाहिलं, वळली, आणि कडाडली.

"लाज नाय वाटली रे तुला, लिओनार्ड?"

लिओनार्डने मान खाली घातली. पाटलाने हात छातीवर बांधले.

"बालंतीण हाय ती! पोर मांडीवर हाय. नवरा जिता हाय तिचा, चांगला सुतार मानूस. आन् तू तिला रांडवेचं लुगडं नेसवलंस?"

"तेच तर मी म्हणतंय!" मागून एक ओरडली. "गल्यात मणी सुदीक नाय!"

"हात बघा, एक बांगडी नाय! पयल्या पोराच्या आईचे हात असे अस्तात काय?"

"आन् केसांत एक फूल बी नाय? आम्ही काय येवढ्या गरीब हाव?"

आता सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. पाटील त्या गलक्यात हात वर करून उभा राहिला. "म्हंजे उतरवायचंच ना हे चित्र?" त्याने विचारलं.

जोसेफिनमायने त्याच्याकडे असं बघितलं, की तो एक पाऊल मागे सरला. "उतरवायचं? तान्ह्या पोराच्या आईला घराबाहेर काढतंस, पाटला? लुगडं बदलायला सांगतंय मी!"

तेव्हा कुठे लिओनार्डच्या डोक्यात प्रकाश पडला. गावात निळं बिनकाठाचं लुगडं विधवाच नेसतात हे काय त्याला माहीत नव्हतं? जन्मापासून माहीत होतं. पण त्याने आईला दुसऱ्या कुठल्या रंगात पाहिलंच नव्हतं. त्याच्या डोळ्यांना आई म्हणजे निळी, आणि तिकडे सायबीणही निळी. त्याने वळून पाहिलं. एमिलिया शेवटच्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसली होती.

"एमिलिया," जोसेफिनमायने तिथूनच हाक दिली, "लग्नाचं लुगडं पेटीत हाय का वाळवीला दिलंस?"

"हाय," एमिलिया हळूच म्हणाली.

"मंग जा, नेसून ये."

"मी? मी कशी नेसू, माय? मना आता..."

"तू कुठं नेसतंस? नेसणार सायबीण हाय. तू नुसती बस."

एमिलिया उठेना. मग दोघीतिघींनी तिला दंडाला धरून उठवलं आणि घरी नेलं. बाकीच्या आपापल्या घरी धावल्या. कुणी गळ्यातले मणी आणले, कुणी हिरव्या बांगड्या, कुणी परसातली अबोली तोडून आणली. कुणाची वस्तू घ्यायची यावरून दोघींचं जुंपलंसुद्धा. पाद्रीबाबा हसत होते. पुरुष बाहेर पिंपळाखाली उगाच उभे होते.

एमिलिया परत आली ती लाल लुगड्यात. पेटीच्या घड्या तशाच होत्या. बायकांनी तिला दारातून आत आणली तेव्हा ती जमिनीकडे बघत होती. जोसेफिनमायने हनुवटीला धरून तिची मान वर केली. लिओनार्डने आईला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, असंच म्हणायला हवं. ती सुंदर होती. हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

त्या पंधरवड्यात पडवीचं दार बंद राहिलं नाही. सारं गाव येऊन बसे आणि काठ इतका रुंद हवा, पदर इथून यायला हवा, असं सांगत राही. लिओनार्डने सगळं ऐकलं.

आगेऱ्याच्या दिवशी नव्या कणसांच्या भाऱ्यांमागोमाग चित्र आलं. ढोल, पिपाण्या, बायकांची गाणी. चौकट खांद्यावर घेणाऱ्यांत मार्सेल पाटील सगळ्यांत पुढे होता आणि तिला धक्का लागू नये म्हणून दर चार पावलांवर लोकांना शिव्या घालत होता. वेदीवर चित्र चढलं तेव्हा आखाडाच्या पुरासारखा आवाज उठला. एमिलियाला बायकांनी ओढून पहिल्या बाकावर बसवलं.

होरमसजी शेठ कल्याणहून मचव्याने आले होते, अर्थातच उशिरा. देवळाच्या दारात काठी टेकून ते बराच वेळ बघत राहिले. मग पाटलाला बाजूला घेऊन म्हणाले, "पाटील, या पोराला आख्खा दर्या मी दाखवला. हे चित्र मला पाहिजे. दिवाणखान्याची मधली भिंत रिकामी ठेवली छे. जे मागशील ते देईन."

मार्सेल पाटलाने टोपी काढली, कारण शेठ मोठा माणूस. पण मान ताठ ठेवली.

"शेठ, ती समदी बंदरं तुमची," तो म्हणाला. "ही आमच्या गावची बाई हाय. तिला मी कशी कुनाला देऊ?"