वाडीची पिकअप

चौक गावात चंदर मिस्त्रीने आपल्या गॅरेजमागे ताडपत्री ओढली, आणि ती पिकअप मी तत्काळ ओळखली. पांढरा रंग पिवळा पडलेला, हौद्याच्या उजव्या बाजूला जुना पोचा, आणि किलोमीटरचा आकडा तीन लाख बारा हजारांवर कायमचा अडकलेला.

“साहेब, रिटायर झाल्यावर लोक झाडांना पाणी घालतात. तुमी ही म्हातारी कशाला गळ्यात बांधून घेताय?” चंदर म्हणाला.

“चढ चढते ना?”

“चढंल की! फोर व्हील हाय. पर आठवड्याला विचारपूस करावी लागंल, सासूसारखी.”

नऊ वर्षांपूर्वी, वार्ताहर असताना, याच गाडीचा फोटो मी पहिल्या पानावर छापून आणला होता. हौद्यात अठरा माणसं उभी, दोन लोंबकळलेली, आणि वर माझा मथळा, ‘माणसं की माल?’ आठवड्याच्या आत गाडी जप्त झाली, आणि पुढे लिलावातून चंदरकडे आली. कोंडाणे गावाच्या वरच्या वाडीपर्यंत चढणारी ती एकच गाडी होती, हे मला ठाऊक होतं आणि मी ते बातमीत लिहिलं नव्हतं. त्याच श्रावणात, बाळंतपणात दोन दिवस अडलेल्या वाडीतल्या जिजाला बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली आणताना ती आणि तिचं मूल वाटेतच गेली. मी वर गेलो, संतापून लिहिलं, वाडीला एक वाहन का मिळू नये, असा जाब साऱ्या यंत्रणेला विचारला. त्या बातमीला पुरस्कार मिळाला. मुलाखत संपताना जिजाच्या नवऱ्याने, धोंडीने, मला एवढंच विचारलं होतं, “गाडी कोणी बंद केली, तुमाला म्हायती असंल?” मी वही मिटली होती.

आता ही गाडी वाडीसाठी ठेवायची, स्वतः चालवायची, असं मी ठरवलं होतं. पण त्याआधी धोंडीला सांगायला हवं होतं. आयुष्यभर मंत्र्यांना तोंडावर खोटं ठरवणारा मी, रोज सकाळी कर्जतहून निघून चढाच्या पायथ्याशी थांबायचो आणि तिथूनच परत फिरायचो.

पायथ्याशी थांबावं लागायचंच. जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांवर मधोमध एक गोल कडी असते. चढाआधी खाली उतरून दोन्हीकडच्या कड्या हाताने फिरवल्या की पुढची चाकंही ओढायला लागतात, आणि डांबरी रस्त्यावर परतताना त्या आठवणीने सोडायच्या. चौथ्या दिवशी मी उतरलो तेव्हा कड्या आधीच फिरवलेल्या होत्या. विसरलो असेन म्हणून मी त्या सोडल्या. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. सहाव्या दिवशी, घरी दार लावण्यापूर्वी, मी त्या सोडल्याचं कॅलेंडरवर लिहून ठेवलं, सही केली, आणि सकाळी चाकांपाशी ओणवा झालो तर कड्या फिरलेल्या, टायरच्या खाचांत ओली तांबडी माती. माझ्या गल्लीत तर सगळं काँक्रीट. मी एकटा राहतो. किल्ली एकच, माझ्या उशाखाली.

पुढून घरघर यायला लागली तेव्हा गाडी चंदरकडे नेली. त्याने कडीवरून बोट फिरवलं.

“डांबरावर लॉक ठेवून पळवता, मग ती रडणारच. आणि साहेब, हे पितळ बघा, चकाकतंय. रोज फिरवलेलं हाय.”

“मी एकदाही चढावर नेलेली नाही.”

“बरं,” तो हसला. “मग हिचं कुठंतरी लफडं असंल.”

मला हसू आलं नाही. त्या दुपारी मी तिथूनच निघालो, पायथ्याशी न थांबता थेट चढाला लागलो, कारण कड्या कशा असतील हे आता पाहायची गरज नव्हती. त्या रस्त्यावर मी कधीच गाडी चालवली नव्हती. तरी कुठल्या वळणावर डावीकडे काढायचं, कुठे दुसऱ्या गिअरवर यायचं, हे हातांना माहीत होतं.

धोंडी अंगणात होता. केस पिकलेले. गाडी पाहून तो दचकला नाही. आला, एक मोठा दगड उचलून मागच्या चाकाखाली सरकवला आणि माझ्या खिडकीशी उभा राहिला.

“आज उजेडाचं आलात?”

मी सुरुवात केली. “धोंडी, त्या वर्षी गाडीचा जो फोटो छापून आला…”

“तो मीच काढला होता,” त्याने माझं वाक्य पुरं केलं, माझ्याच शहरी बोलीत, माझ्याच आवाजाच्या चढउतारासकट. मग आपल्या बोलीत म्हणाला, “म्हायती हाय. रोज पहाटं येता, रोज सांगता.”

“मी?”

“मंग कोण?”

मग मी विचारलं, “आणि तू काय म्हणतोस?”

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शिणलेला माणूस लहान मुलाकडे पाहतो तसा तो पाहत होता.

“ते ऐकायला तुमी कवाच थांबत नाय,” तो म्हणाला, आणि मागच्या चाकापाशी खाली वाकला.

मी उतरलो आहे, त्याच्यासमोर हात जोडून उभा आहे, अशी माझी खात्री होती. पण माझे हात स्टेअरिंगवर होते, इंजिन चालू होतं, चाकाखालचा दगड आता त्याच्या हातात होता, आणि धोंडीचे ओठ हलत असताना, त्याचं उत्तर माझ्यापर्यंत पोचण्याआधीच, गाडी हळूहळू मागे सरकत होती.