आबांची गादी

एल्कानाने कबरीपाशी तोंड उघडलं आणि मी मान फिरवली.

माझा हा धाकटा भाऊ मेलबर्नहून विमानाने आला आणि विमानतळावरून थेट दफनाला पोचला. आमच्या ज्यू रीतीप्रमाणे कोटाची कॉलर फाडून घेतली, घसा खाकरला आणि सुरू झाला. 'माणसाचे दिवस गवतासारखे' ही स्तोत्रांतली ओळ आली, मग सावली आली, विरणारा श्वास आला. "किती थोडं असतं हो माणसाचं आयुष्य!" आवाज नेमका हवा तिथेच कापत होता. जेरुसलेमच्या त्या टेकडीवर जमलेली निम्मी माणसं रडली.

थोडं? आमचे वडील, आबा, नव्वदी ओलांडून गेले, आणि शेवटची कित्येक वर्षं अंथरुणातच होते. शाळेत ते हीच स्तोत्रं शिकवायचे. मग डोकं गेलं, माणसांची नावं गेली, मी कोण तेही गेलं. गवताची ओळ तेवढी राहिली. मी त्यांच्या मांड्यांवरची घाण पुसत असायची आणि ते छताकडे बघत गोड आवाजात गवत म्हणायचे. मला त्या ओळीची शिसारी बसली होती. कधीकधी आबांचीही.

एल्काना सणासुदीला फोन करायचा. मी फोन आबांच्या कानाशी धरायची. तिकडून तो ओळ सुरू करायचा, इकडे हे पुरी करायचे.

"बघ, ठणठणीत आहेत!" तो म्हणायचा.

दफनानंतर आरसे झाकले आणि सुतकाचे सात दिवस आम्ही दोघं बुटक्या स्टुलांवर बसलो. भेटायला येणारे मसूर आणायचे, उकडलेली अंडी आणायचे. एल्काना अंडं चघळत प्रत्येकाला गवत ऐकवायचा. पिवळा बलक दाढीत अडकलेला असायचा.

"तिर्झा, काय बोलतो गं तुझा भाऊ!" शेजारच्या मल्कामावशी म्हणाल्या. "ऐकतच राहावं."

"ऐका," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी, खोली माणसांनी भरलेली असताना, तो माझ्या कानाशी वाकला. "आतून वास येतोय गं. लोक बसलेत. काहीतरी फवार ना."

"आबांची गादी आहे ती," मी मोठ्याने म्हणाले. "चल, उचलू लाग."

"आत्ता? सुतकात?"

"मग कधी? तुझं विमान उडाल्यावर?"

मल्कामावशी उठल्या. "अगं, मी माझ्या पोरांना बोलावते..."

"नको, मावशी. आबांचा मुलगा हा आहे."

तो आत आला. मी चादर ओढली, फाटकं रबरी कापड काढलं. खाली तपकिरी डाग होते, एकावर एक चढलेले, कडांना बुरशी धरलेली. त्याने कोपरा धरला तशी बोटं ओल्या कापसात रुतली. तो स्वतःच्या बुटांवरच ओकला.

"फडकं संडासाच्या दारामागे आहे," मी म्हणाले आणि जागची हलले नाही.

त्याने पुसलं. मग आम्ही दोघांनी ती गादी जिन्यावरून ओढत खाली नेली.

"रोज असंच होतं?" अर्ध्या जिन्यात त्याने विचारलं.

"रोज."

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं होतं. तू म्हणालास, इतक्या लांबून मी काय करणार? आणि मला ओळ म्हणून दाखवलीस."

गादी कचऱ्याच्या पेटीत कोंबली. त्याने आभाळाकडे पाहिलं, ओठ हलायला लागले. काय येतंय ते मला कळलं.

"गवताचं नाव काढलंस तर तुलाही यात कोंबीन."

त्याने तोंड मिटलं.

त्यानंतर तो भिंतीकडे बघत बसून राहिला. अंड्याला शिवला नाही. सातव्या दिवशी वडीलधाऱ्यांनी दोन शब्द बोलायचा आग्रह केला, तेव्हा त्याने नुसती नकारार्थी मान हलवली.

"बिचारा! दुःखाने वाचाच बसली हो," मल्कामावशींनी डोळे टिपले. "किती हळवा!"

मी उठून आत गेले आणि पुन्हा साबणाने हात घासू लागले. नखांतला वास काही केल्या जात नव्हता.