तलाठिणीच्या वाट्याची पेज

सुषमाला दिवस गेले.

पण हे तुम्ही ऐकलेलं नाही. तलासरीजवळच्या त्यांच्या पाड्यात तिसरा महिना सरेपर्यंत असलं काही झालेलंच नसतं, नाहीतर दृष्ट लागते. सुषमा चिंच खातेय, ती चिंच पडली होती म्हणून.

तर या न झालेल्या गोष्टीची सुरुवात जास्वंदीपासून. लग्नाला तीन वर्षं होऊनही पाळणा हलेना, तेव्हा सासू हिराबाईने कारभार हाती घेतला. रोज सकाळी जास्वंदीच्या कळ्या पाट्यावर ठेचायच्या, पेजेत कालवायच्या आणि पेला थेट सुनेच्या ओठाशी.

"माझी आय हेच प्यायची. सात पोरं झाली! अंगणात कोंबड्यांना जागा नव्हती."

सुषमा पीत राहिली. दारची जास्वंद बोडकी झाली, गणपतीला फूल शेजारून मागून आणावं लागलं. नवरा, रवींद्र, म्हणायचा, "धीर धर." त्याला पेला नव्हता, त्यामुळे त्याच्याकडे धीर भरपूर होता.

शेवटी सुषमाने ठरवलं, मूल तर हवंच. पण आधी या पेल्याची परीक्षा. तिने पेज गुपचूप शेळीच्या कोंड्यात ओतायला सुरुवात केली. शेळीचं नाव तलाठीण, कारण सगळ्यांच्या शेताच्या हद्दी तिला पाठ होत्या. दर वेताला जुळी देणारी. आता बोकड पुन्हापुन्हा आणला, तरी तलाठीण गाभण राहीना.

"बोकडातच खोट हाय," हिराबाई म्हणाली. पोराबद्दल असं ती कधीच म्हणाली नव्हती.

तेवढ्यात हिराबाईची थोरली बहीण किनाऱ्यावरच्या आगरहून सुके बोंबील घेऊन आली. सुषमाने सगळ्यांसमोरच विचारलं, "मावशी, तुमची आय कळ्यांची पेज कधीपासून प्यायची?"

"सातवी झाल्यावर."

"मग आठवं?"

"आठवं नको म्हणून तर प्यायची, बाय!"

सातवी म्हणजे हिराबाई. तिने डोळे उघडले तेव्हापासून आय पीतच होती.

ओटीखालून तलाठिणीने एकदा बें केलं.

"आई, पेला आजपासून बंद," सुषमा म्हणाली. "उद्या डहाणूला डॉक्टरीणबाईंकडे जायचं. दोघांनी."

"दोघांनी?" रवींद्रचा धीर पहिल्यांदाच संपला.

"मग काय, बोकडाला नेऊ?"

हिराबाईने पाटा धुऊन भिंतीशी उभा केला आणि बसभाडं काढून दिलं.

पुढे काही महिन्यांत काहीच झालं नाही, हे वर सांगितलंच आहे. फक्त ग्रामपंचायतीत एक अर्ज आला:

'अर्जदाराच्या शेळीने अर्जदाराच्या वाट्याची पेज पिऊन एका वेताचा त्याग केला आहे. सबब सदर शेळीस, ती गाभण नसतानाही, गरोदर मातांच्या पोषण आहारात सामील करून घ्यावे. अर्जदार स्वतः गरोदर नाही; तरी तिच्या नावचा आहारही शेळीसच देण्यात यावा, ही नम्र विनंती.'